टाकलेला इफेक्ट व्हिडिओत दिसतच नाही? ॲप उडवायच्या आधी एवढं तपासा

लग्नसराई असो, गावची यात्रा असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, व्हिडिओ आता तालुक्याच्या स्टुडिओत कमी आणि गावातल्या मोबाईलवर जास्त तयार होतात. लग्नपत्रिकेचा व्हिडिओ, वाढदिवसाचं स्टेटस, बैलजोडी विकायची जाहिरात, रोपवाटिकेची माहिती, हे सगळं काईनमास्टर, व्हीएन, इनशॉट, अलाईट मोशन अशा ॲपवर पोरं पारावर बसून करतात. काहींचा तर हा जोडधंदाच झालाय. ऑर्डर घ्यायची, ॲडव्हान्स घ्यायचा आणि हळदीच्या आदल्या दिवशी व्हिडिओ द्यायचा.

या सगळ्यांची एक तक्रार सारखीच असते. इफेक्ट टाकला, पण दिसत नाही. फुलं पडायला हवीत, पडत नाहीत. मागचा हिरवा पडदा जायला हवा, जात नाही. नवरीचं नाव सोनेरी चमकायला हवं, तिथं चौकोनी डबे दिसतात.

मग घाईत तीनपैकी एक गोष्ट केली जाते. कोणी ॲप उडवून परत टाकतो आणि आठ दिवसांचं काम त्याच्यासोबत जातं. कोणी टेलिग्रामवरून ‘फुल अनलॉक’ ॲप घेतो. कोणी हप्त्यावर नवा फोन आणतो. बहुतेक वेळा यातल्या कशाचीच गरज नसते. दोष एखाद्या बटणाचा, फाईलच्या प्रकाराचा नाहीतर व्हॉट्सॲपचा असतो, आणि तो पाच मिनिटांत सापडतो. फक्त कुठं शोधायचं ते आधी ठरवायला हवं.

इफेक्ट हरवला कुठं?

ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोहोचलं नाही तर कोणी लगेच नवी मोटार आणत नाही. आधी मोटार, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग लॅटरल असं बघत जातात. इथंही तसंच आहे. इफेक्ट तीन ठिकाणी हरवू शकतो: एडिट करताना स्क्रीनवर, सेव्ह केलेल्या फाईलमध्ये, किंवा ती फाईल दुसऱ्याला पाठवल्यावर.

ओळखायची सोपी रीत अशी. पूर्ण व्हिडिओ सेव्ह करत बसू नका. प्रोजेक्टची कॉपी करा, त्यात इफेक्ट असलेला दहा सेकंदांचा तुकडाच ठेवा आणि तेवढाच सेव्ह करा. तो गॅलरीत जाऊन बघा. मग तोच व्हॉट्सॲपवर घरातल्या दुसऱ्या फोनला पाठवा आणि तिथं बघा.

एडिटिंगच्या स्क्रीनवरच इफेक्ट नव्हता, तर गडबड लेयरची, सेटिंगची किंवा फाईलची आहे. स्क्रीनवर अडखळत होता पण गॅलरीत छान दिसतोय, तर काहीच बिघडलेलं नाही. एडिट करताना दिसतं ते कच्चं चित्र असतं आणि फोन दमला की ॲप त्यात काटछाट करतं. स्क्रीनवर होता पण गॅलरीत नाही, तर फोनची ताकद, सेव्ह करतानाची सेटिंग किंवा पैसे भरून घ्यायचा इफेक्ट, यातलं काहीतरी. आणि गॅलरीत आहे पण पाहुण्यांच्या फोनवर नाही, तर ॲपकडे बघायचं कारणच नाही.

स्क्रीनवरच दिसत नसेल तर

पहिली तपासणी वेळेची. इफेक्टची पट्टी टाइमलाइनवर नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. इफेक्ट टाकला की तो लाल रेघ जिथं उभी असते तिथून सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत संपतो. व्हिडिओ दोन मिनिटांचा आणि इफेक्ट चार सेकंदांचा, मग तो ‘दिसत नाही’ असंच वाटणार. पट्टी ओढून लांब करा. क्लिप मधून कापली असेल तर इफेक्ट कोणत्या तुकड्यावर राहिला तेही बघा.

दुसरी तपासणी थराची. ज्वारीची पोती एकावर एक रचावीत तसे लेयर असतात. वरच्या पोत्यानं खालचं झाकलं जातं. फुलांचा इफेक्ट खाली आणि नवरा-नवरीचा फोटो त्याच्यावर पूर्ण स्क्रीनभर असेल, तर फुलं पडत असतात पण फोटोच्या मागं. इफेक्टचा लेयर निवडून तो सगळ्यांच्या पुढं आणायचा.

काईनमास्टरमध्ये धूसर करणारा किंवा ठिपके पाडणारा इफेक्ट लेयर म्हणून टाकला की तो स्क्रीनवर चौकोनी खिडकीसारखा बसतो. तेवढ्याच चौकोनात त्याचं काम चालतं. तो कोपऱ्यात लहानसा पडला असेल तर बाकी व्हिडिओवर काहीच फरक दिसत नाही. कोपरा धरून ओढा, स्क्रीनभर करा. सोबत ओपॅसिटीची पट्टी बघा, चुकून शून्यावर सरकलेली असते. बोट जाड आणि स्क्रीन लहान, असं होतंच.

दोन क्लिपच्या मधला बदल, म्हणजे ट्रान्झिशन, दिसत नसेल तर क्लिपची लांबी बघा. ट्रान्झिशन दोन्हीकडच्या क्लिपमधून थोडा थोडा वेळ घेऊनच तयार होतं. एक सेकंदाच्या फोटोला दोन सेकंदांचं ट्रान्झिशन बसणार कसं?

हिरवा पडदा, काळा पडदा आणि नकली पीएनजी

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथं, म्हणून हे जरा सावकाश समजून घेतलेलं बरं.

इंटरनेटवर मिळणारे फुलं पडण्याचे, धुराचे, फटाक्यांचे, उडत्या कबुतरांचे व्हिडिओ तीन प्रकारचे असतात. काहींच्या मागं हिरवा रंग असतो, काहींच्या मागं काळा, आणि काहींच्या मागं काहीच नसतं म्हणजे ते पारदर्शक असतात. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की गुण येत नाही, आणि लोक म्हणतात ॲप खराब आहे.

हिरव्यासाठी क्रोमा की. हा पर्याय चालू केला की ॲप हिरवा रंग कापून टाकतं आणि त्या भोकातून खालचं चित्र दिसतं. पण खाली काहीतरी असायला हवं. हिरवा व्हिडिओ मुख्य पट्टीवर टाकला तर त्याच्या मागं दाखवायला काहीच नसतं. आधी लग्नाची क्लिप मुख्य पट्टीवर, मग हिरवा व्हिडिओ लेयर म्हणून, आणि मग त्या लेयरला क्रोमा की, हा क्रम पाळायचा. कापायचा रंग ठरवताना व्हिडिओतलाच हिरवा निवडा, कारण हिरव्याच्या पन्नास छटा असतात. कडेला हिरवट झालर राहिली तर पट्ट्या थोड्या थोड्या सरकवून बघा. तरी राहिलीच तर मूळ व्हिडिओ हलक्या दर्जाचा आहे असं समजा. ३६० पीचा उतरवलेला व्हिडिओ कितीही घासला तरी कड स्वच्छ निघत नाही.

क्रोमा कीला माणूस आणि पडदा यातला फरक कळत नाही, तिला फक्त रंग कळतो. नवरीच्या हातात हिरवा चुडा असेल आणि तिला हिरव्या पडद्यापुढं उभं केलं, तर पडद्याबरोबर चुडाही गायब होतो आणि मनगटाच्या जागी मागचा देखावा दिसतो. लग्नाच्या शूटसाठी म्हणून निळं कापड घ्यावं आणि ॲपमध्ये निळा रंग निवडावा. उसाच्या फडापुढं उभं राहून व्हिडिओ काढला की मागचं हिरवं आपोआप कापलं जाईल, असंही काहींना वाटतं. तसं होत नाही. पिकात ऊन, सावली, पिवळी पानं असे शंभर रंग असतात. पडदा एकाच रंगाचा, सुरकुत्या नसलेला आणि सारखा उजेड पडलेला लागतो.

काळ्या पडद्याच्या इफेक्टला क्रोमा की लावू नये. आग, धूर, ठिणग्या, प्रकाशाचे झोत हे बहुधा काळ्यावर असतात. त्यांना ब्लेंडिंगमध्ये जाऊन ‘स्क्रीन’ हा प्रकार द्यायचा. त्यात काळा भाग नाहीसा होतो आणि उजळ भाग तेवढा खालच्या चित्रावर चढतो.

यात एक मेख आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ‘स्क्रीन’ हा प्रकार उजेडात उजेड मिळवतो. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्य ते २५५ असा मोजतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. दुपारच्या उन्हात, पांढऱ्या मांडवाखाली काढलेला व्हिडिओ आधीच २५५ च्या जवळ असतो. त्यावर ठिणग्या टाकल्या तरी वाढायला जागाच उरत नाही. म्हणजे इफेक्ट लागलेला असतो, चालूही असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. भरदुपारी बॅटरी लावल्यासारखं. अशा वेळी इफेक्ट बदलत बसू नका; खालच्या व्हिडिओचा ब्राइटनेस कमी करा, नाहीतर तो इफेक्ट रात्रीच्या वरातीच्या दृश्यावर वापरा. ‘मल्टिप्लाय’ या प्रकाराचं बरोबर उलटं आहे. तो चित्र गडद करतो, त्यामुळं अंधाऱ्या व्हिडिओवर दिसत नाही.

तिसरा प्रकार पारदर्शक. नेहमीच्या एमपी४ फाईलमध्ये पारदर्शक भाग साठवला जात नाही. ‘पारदर्शक इफेक्ट’ म्हणून कोणी एमपी४ दिली तर मागं काळा किंवा पांढरा रंग येणारच. फोटोसाठी पीएनजी चालते, पण तिथंही दोन घोळ आहेत.

पहिला घोळ व्हॉट्सॲपचा. मित्राकडून पीएनजी फोटो म्हणून मागवला की व्हॉट्सॲप त्याची जेपीजी करून टाकतं. जेपीजीत पारदर्शकता नसते. मोकळी जागा काळी किंवा पांढरी होते आणि देवाच्या चित्राभोवती चौकोन दिसायला लागतो. पीएनजी नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दुसरा घोळ नकली पीएनजीचा. गुगलवर चित्र शोधलं की मागं करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात आणि वाटतं हे पारदर्शक आहे. पुष्कळदा त्या चौकटी चित्रातच छापलेल्या असतात. फोटो उतरवून एखाद्या रंगीत फोटोवर ठेवून बघा. चौकटी तशाच राहिल्या तर ती पीएनजी नकली.

फोन किती ओझं ओढतो?

फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडून दाखवणारा वेगळा भाग असतो. तो एका वेळी ठराविक व्हिडिओच उलगडू शकतो. मुख्य व्हिडिओ एक, त्यावर फुलांचा एक, प्रकाशाचा एक, कोपऱ्यात नवरदेवाचा एक, असे चार व्हिडिओ एकदम चालवायला लावले की साधा फोन हात टेकतो. मग एखादा लेयर काळा पडतो, थिजतो किंवा गायब होतो.

ओझं कुठून वाढतं ते आकड्यात बघा. १०८० पीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. फोर केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. त्यात सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रं घेतली की काम आठपट. आणि हा व्हिडिओ शेवटी बघितला जाणार पाच-सहा इंची स्क्रीनवर, तोही व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेला. मग फोर के साठचा हट्ट कशाला? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८० पी आणि ३० ठेवा. वरून टाकायच्या इफेक्टचे व्हिडिओ ७२० पीचे घेतले तरी फरक कळत नाही. नव्या फोनमध्ये एचडीआर रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही बंद करा. त्यातले रंग बऱ्याच ॲपना नीट पेलत नाहीत आणि इफेक्ट फिकट दिसतो.

तरी अडलं तर काम दोन टप्प्यांत करा. आधी मुख्य व्हिडिओ आणि दोन लेयर एवढंच करून सेव्ह करा. मग सेव्ह झालेली फाईल नव्या प्रोजेक्टमध्ये घेऊन तिच्यावर उरलेले इफेक्ट टाका. दर्जा थोडा उतरतो, पण पाच-सात वर्षं जुन्या फोनवरही काम निघतं. काईनमास्टरच्या सेटिंगमध्ये फोनची कुवत तपासायची सोय आहे. ती एकदा चालवली की फोन किती दर्जाचे व्हिडिओ ओढू शकतो ते कळतं. नवा फोन घ्यायचा विचार असेल तर निदान आधी हे बघून घ्यावं.

आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून एडिटिंग करू नका. फोन तापला की चिप स्वतःहून वेग कमी करते. सकाळी चालणारा इफेक्ट दुपारी दोनला अडखळतो, त्याचं कारण हेच असतं. बॅटरी सेव्हर चालू असला तरी तसंच होतं.

मराठी अक्षरांचे डबे

नावाचा, मजकुराचा इफेक्ट दिसत नाही याचं कारण पुष्कळदा फॉन्ट असतो. सोनेरी अक्षरांचे, आगीच्या अक्षरांचे जे तयार नमुने मिळतात ते इंग्रजीसाठी बनवलेले असतात. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. मग कुठं चौकोनी डबे येतात, तर कुठं ॲप गुपचूप साधा फॉन्ट लावतं आणि डौल जातो. नमुना तोच ठेवून फॉन्ट तेवढा देवनागरी युनिकोडचा लावा.

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचं प्रकरण आणखी वेगळं. त्यात अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात. मोबाईलच्या कीबोर्डवर टाईप होतं ते युनिकोड. युनिकोड मजकुराला जुना फॉन्ट लावला तर तो चालत नाही, आणि जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला पत्रिकेचा मजकूर मोबाईलवर उघडला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. प्रेसवाल्याकडून मजकूर घेताना युनिकोडमध्येच मागा. घाईचं काम असेल तर मजकुराची पीएनजी करून तीच व्हिडिओवर ठेवा, मग फॉन्टचा प्रश्नच राहत नाही. फक्त आडनाव, तारीख आणि लग्नाचं ठिकाण पीएनजी करायच्या आधी दोनदा वाचा, नंतर त्यात बोट घालता येत नाही.

इफेक्ट उतरतच नाही: इथं खिशाला धोका

काही इफेक्ट ॲपसोबत येत नाहीत, ॲपच्या दुकानातून वेगळे उतरवावे लागतात. नेट कमजोर असलं किंवा फोनमध्ये जागा नसली तर ते अर्धवट उतरतात आणि नाव दिसतं पण काम होत नाही. दोन-तीन जीबी जागा मोकळी करा, तो इफेक्ट काढून पुन्हा उतरवा. काही इफेक्ट पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. त्यावर मुकुटासारखं चिन्ह असतं. ते वापरून बघता येतात, पण सेव्ह करताना पैसे मागितले जातात किंवा व्हिडिओवर ॲपचा शिक्का येतो. हा बिघाड नव्हे.

बंदी आलेली ॲपही अनेकांच्या फोनमध्ये अजून आहेत. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकसोबत विवाव्हिडिओही होतं. कॅपकटही भारतात अधिकृतपणे मिळत नाही. कोणाच्या तरी फोनमधून घेतलेलं असं ॲप उघडलं तरी त्याचे इफेक्ट जिथून येतात तो दरवाजाच बंद असतो. ते दिसणार नाहीत, कितीही वेळा ॲप टाका.

अलाईट मोशनचे तयार प्रीसेट फिरतात, त्यातही हेच बघावं लागतं. एक्सएमएल फाईलमध्ये फक्त हालचालीची आणि इफेक्टची माहिती असते, फोटो किंवा व्हिडिओ नसतात. ते आपण घालायचे. आणि प्रीसेट नव्या आवृत्तीत बनवलेला, आपलं ॲप जुनं, असं असेल तर नवे इफेक्ट त्यात नसतात. प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट केलं की पुष्कळदा सुटतं.

पण लोक अपडेट करत नाहीत, कारण त्यांच्याकडचं ॲप प्ले स्टोअरचं नसतंच. ‘मॉड’, ‘प्रो’, ‘डायमंड’ अशा नावांनी फिरणाऱ्या एपीके फाईल मूळ कंपनीच्या नसतात; कोणीतरी त्यात फेरफार केलेला असतो. त्या फुकट का वाटल्या जातात हा विचार कोणी करत नाही. व्हिडिओच्या ॲपला फोटो, व्हिडिओ आणि आवाज रेकॉर्ड करायला माइक एवढ्याच परवानग्या लागतात. एखादं ॲप एसएमएस वाचायची, कॉल बघायची किंवा ॲक्सेसिबिलिटी चालू करायची परवानगी मागत असेल तर ते तिथंच काढून टाका. एसएमएस वाचता आले की बँकेचा ओटीपी वाचता येतो. ॲक्सेसिबिलिटी मिळाली की स्क्रीनवर काय चाललंय ते बघता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. ज्या फोनमध्ये पीक विम्याचे, ऊस बिलाचे, दुधाच्या पगाराचे पैसे येतात, त्याच फोनमध्ये हे ॲप बसलेलं असतं.

असं ॲप टाकलं गेलं असेल आणि खात्यातून पैसे गेले, तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. ‘उद्या तालुक्याला गेल्यावर बघू’ असं करू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच ते परत मिळायची आशा असते.

पाहुण्यांच्या फोनवर फुलं का दिसत नाहीत?

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. ती सगळी पूर्ण साठवली तर फाईल अवाढव्य होईल. म्हणून एका चित्रातून दुसऱ्यात काय बदललं तेवढंच प्रामुख्यानं साठवतात. उभा माणूस बोलतोय, मागची भिंत तशीच, तर साठवायचं थोडंच. पण पाकळ्या पडतायत, चमकी उडतेय, पावसाचे थेंब आहेत, तर प्रत्येक चित्रात हजारो ठिकाणी बदल होतो. तेवढी जागा दिली नाही की पहिल्यांदा याच बारीक गोष्टी पुसल्या जातात. चमकीचा धुरळा होतो आणि पाकळ्यांचे ठोकळे.

व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबतंच, स्टेटसला तर आणखी. त्यामुळं बारीक चमकीचा इफेक्ट स्टेटससाठी निवडूच नये. मोठी, कमी आणि हळू पडणारी फुलं टिकतात. ग्राहकाला मूळ फाईल द्यायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल जाते आणि दाबली जात नाही. व्हिडिओ म्हणूनच पाठवायचा असेल तर वरचं एचडीचं बटण दाबा. आणि ॲपमधून सेव्ह करताना बिटरेटची पट्टी अगदी खाली ओढलेली नाही ना, तेही बघा. फाईल लहान व्हावी म्हणून आपणच ती खाली ओढतो, मग इफेक्ट व्हॉट्सॲपपर्यंत पोहोचायच्या आधीच मेलेला असतो.

मिक्सिंग करणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरवर लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्यांचे प्रश्न थोडे वेगळे. प्रीमियर प्रोमध्ये इफेक्टच्या नावापुढं ‘एफएक्स’ असं बारीक बटण असतं, ते बंद असलं की तो इफेक्ट झोपतो. प्रोग्रॅम मॉनिटरखाली सगळे इफेक्ट एकदम बंद करणारं बटणही ठेवता येतं. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कोणीतरी ते दाबून ठेवतो आणि दुसरा माणूस तासभर डोकं फोडतो. दा विंची रिझॉल्व्हमध्ये असंच बायपासचं बटण आहे. केडेनलाइव्ह हे फुकटचं, कायदेशीर सॉफ्टवेअर वापरत असाल तर इफेक्टपुढचा डोळा बघा आणि टाइमलाइनच्या मेनूत सगळे इफेक्ट बंद केलेले नाहीत ना ते बघा.

प्रीमियरमध्ये टाइमलाइनवर लाल रेघ आली की तो भाग रेंडर केल्याशिवाय सरळ चालेल याची खात्री नसते. एंटर दाबून रेंडर होऊ द्या. प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आणला असेल आणि तिथलं प्लगइन इथं नसेल, तर इफेक्टचं नाव दिसतं पण काम होत नाही. मराठीची वेलांटी भलतीकडं जात असेल, जोडाक्षरं तुटत असतील, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या भागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळं किती तरी जण आजही प्रत्येक नाव फोटोशॉपमध्ये करून आणतात.

ॲप काढायचीच वेळ आली तर

सगळं तपासून झालं आणि तरी इफेक्ट दिसत नसेल, तर क्रम असा ठेवा. फोन बंद करून चालू करा. ॲप अपडेट करा. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅशे’ करा. त्याच्या शेजारी ‘क्लिअर डेटा’ असं बटण असतं, त्याला हात लावू नका. त्यानं अर्धवट राहिलेले प्रोजेक्ट जातात. ॲप काढून टाकलं तरी तेच होतं.

काढायच्या आधी प्रत्येक प्रोजेक्ट बाहेर काढून ठेवा. काईनमास्टरमध्ये प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करायची सोय आहे, त्याची काईन नावाची फाईल तयार होते. ती मेमरी कार्डवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवा, नवीन ॲप टाकल्यावर तिथून परत उघडता येते. आणि व्हिडिओ ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत गॅलरीतल्या मूळ क्लिप पुसू नका. बऱ्याच ॲपमध्ये प्रोजेक्टमध्ये क्लिप नसते, ती कुठं ठेवलीय तो पत्ता असतो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो जागा करायला म्हणून पुसले, की दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडल्यावर त्या जागी नुसता काळा चौकोन दिसतो.